तांबरममधील भाड्याची मिळकत

मद्रासच्या बीच स्थानकापासून तांबरमपर्यंत विजेवर चालणारी उपनगरी गाडी १९३१ सालच्या मे महिन्यात सुरू झाली, आणि तळी, शेते व ताडांच्या राया यांच्यामध्ये वसलेल्या या गावाचे भवितव्य त्या मीटरगेज रुळांनी कायमचे पालटून टाकले. त्यापूर्वी तीन वर्षे डॉ. चौरी मुत्तू यांनी शहराच्या कोंदट वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत क्षयरोग्यांसाठी येथे आरोग्यधाम काढले होते, ज्याचे नाव ‘तांबरम सॅनेटोरियम’ या स्थानकाने आजही धारण केले आहे. पुढे १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज आपला शतकाकडे झुकलेला संसार घेऊन येथील झाडीभरल्या विस्तीर्ण आवारात आले. विमानदलाचा तळ आला, रेल्वेच्या विजेच्या गाड्यांची कारशेड आली, १९८४ साली निर्यात प्रक्रिया क्षेत्र आले. यांतील प्रत्येक संस्थेने दरमहा ठराविक वेतन मिळवणारी आणि डोक्यावर छप्पर शोधणारी माणसे आपल्यामागे आणली, व त्या माणसांना घर भाड्याने देणे हा या गावाचा एक स्थिर व्यवसाय होऊन बसला. २०२१ साली पल्लावरम, पम्मल, अनकापुत्तूर, सेंबाक्कम आदी शेजारगावे पोटात घेऊन तांबरमची महानगरपालिका झाली. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस जवळच किलांबाक्कम येथे दक्षिणेकडच्या बसगाड्यांचे अवाढव्य स्थानक उघडले. आणि या प्रत्येक वार्तेबरोबर सेलैयूर, राजकिळपाक्कम, मुडिचूर, पेरुंगळत्तूर येथील सदनिकांच्या जाहिरातींत एकेक ओळ वाढत गेली.

विमानदलात, बँकांत, रेल्वेत किंवा दक्षिण चेन्नईच्या संगणक-उद्योगात नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे ज्या वेळी निवृत्तीच्या विचाराला लागतात, त्या वेळी त्यांच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पुण्यात किंवा कोल्हापुरात राहते घर आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येणार आहे. मग तांबरमला एखादी सदनिका घेऊन ती भाड्याने लावावी, म्हणजे भाड्याचे पैसे पेन्शनीसारखे येत राहतील आणि मिळकतीचा भावही वाढत जाईल, असा तो विचार असतो. हा विचार डोंबिवलीतही होतो, नाशकातही होतो. परंतु तांबरमसारख्या एका ठिकाणावर बोट ठेवून त्याचा हिशेब मांडला, तर तो अधिक स्वच्छ दिसतो, म्हणून हा प्रपंच.

घराविषयीचा आपला विश्वास हा केवळ भाबडेपणा आहे असे मानणे अन्यायाचे होईल. १९०६ सालच्या ऑक्टोबरात मद्रासची आर्बथनॉट आणि कंपनी ही प्रतिष्ठित पेढी बुडाली, तेव्हा निवृत्त अंमलदारांपासून विधवांपर्यंत हजारो कुटुंबांच्या ठेवी पाण्यात गेल्या. त्या आघातातूनच व्ही. कृष्णस्वामी अय्यर प्रभृतींच्या प्रयत्नाने पुढच्या वर्षी इंडियन बँकेची स्थापना झाली. आपल्याकडे २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, त्याची आठवण अजून ताजी आहे. ज्या समाजाने कागदावरची रक्कम एका रात्रीत नाहीशी होताना पाहिली, त्याने विटा-सिमेंटवर भरवसा ठेवला यात नवल कसले? भारतीय कुटुंबांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने २०१७ साली जो अहवाल दिला, त्यात सरासरी कुटुंबाच्या मत्तेपैकी ७७ टक्के हिस्सा स्थावरात, ११ टक्के सोन्यात आणि ठेवी, विमा, भाग अशा सर्व आर्थिक साधनांत मिळून अवघा ५ टक्के आढळला. म्हणजे प्रश्न घर घ्यावे की नाही हा नाहीच. ज्याचे बहुतेक सर्व द्रव्य आधीच एका घरात अडकले आहे, त्याने उरलेलेही दुसऱ्या घरात घालावे काय, हा आहे.

आता हिशेब. समजा, पूर्व तांबरममध्ये स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर नऊशे चौरस फुटांची, दोन शयनगृहांची, पूर्वी वापरलेली सदनिका साठ लाखांना मिळाली. तामिळनाडूत अशा खरेदीखतावर मुद्रांकशुल्क ७ टक्के आणि नोंदणी फी २ टक्के पडते (२०१७ पासून नोंदणी फीच ४ टक्के होती; २०२३ च्या एप्रिलात सरकारी मूल्यदर पूर्ववत वाढवून ती निम्मी केली गेली), म्हणजे पाच लाख चाळीस हजार तेथे गेले. दलालाची एक टक्का दलाली धरली की साठ हजार आणखी. घराची किल्ली हाती येईपर्यंत सहासष्ट लाख खर्ची पडले, आणि हा सहा लाखांचा फरक पुढे विकताना कोणी परत देत नाही.

भाडे दरमहा सोळा हजार धरू, म्हणजे वर्षाला एक लाख ब्याण्णव हजार. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला, यात दर दोन वर्षांनी एक महिना घर रिकामे राहते, तेव्हा वर्षाकाठी आठ हजार त्यापोटी वजा. महापालिकेचा मालमत्ता कर सहा हजार. आणि रंग, नळ, मोटारीचा हिस्सा, गच्चीची गळती, खारट पाण्याने खाल्लेल्या तोट्या यांचा सरासरी खर्च वीस हजार. उरले एक लाख अठ्ठावन्न हजार. सहासष्ट लाखांवर हे उत्पन्न अडीच टक्क्यांनाही पोचत नाही. प्राप्तिकर कायदा भाड्यातून महापालिकेचा कर वजा जाता उरलेल्या रकमेवर दुरुस्तीखर्चापोटी सरसकट ३० टक्के सूट देतो, ही मालकाच्या बाजूची गोष्ट खरी. तरीही वीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला उपकरासह सुमारे सव्वीस हजार भरावे लागतात आणि हाती वर्षाला एक लाख बत्तीस हजारांच्या घरात, म्हणजे गुंतवणुकीच्या बरोबर दोन टक्के येतात. आकडे मी कल्पिलेले आहेत. वाचकाने आपल्या माहितीचे घालून पाहावेत. किंमत आणि भाडे दोन्ही कमीजास्त झाली तरी भारतातील मोठ्या शहरांत हे प्रमाण दोन ते साडेतीन टक्क्यांच्या पलीकडे क्वचितच सरकते.

याच्या शेजारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना ठेवून पाहावी. तिचा व्याजदर २०२३ च्या एप्रिलात ८.२ टक्के ठरला आणि कमाल मर्यादा त्याच वर्षी तीस लाख झाली. त्या दराने तीस लाखांवर वर्षाला दोन लाख शेहेचाळीस हजार व्याज होते. निम्म्याहून कमी भांडवलात, भाडेकरूशी एक शब्द न बोलता, सदनिकेच्या ढोबळ भाड्यापेक्षा अधिक उत्पन्न! व्याज वाढत नाही आणि भाडे वाढते, हा यावरचा आक्षेप योग्य आहे. पण दोन टक्क्यांपासून निघालेले भाडे दरसाल पाच टक्क्यांनी वाढत गेले तरी त्या व्याजाच्या दराशी गाठ पडायला पंचवीसहून अधिक वर्षे लागतात, आणि साठीच्या माणसाने ती वाट पाहावी असे म्हणणे निर्दयपणाचे आहे. कर्ज काढून घेतलेल्या घराची तर गोष्टच वेगळी. साडेआठ टक्क्यांनी पैसा आणून अडीच टक्क्यांना लावणारा मनुष्य वर्षाला सहा टक्के तोटा सोसत असतो आणि तो भरून काढण्याचे सगळे ओझे किमतीच्या वाढीवर टाकून स्वस्थ बसतो.

तेव्हा किंमत खरोखर कशाची वाढते, हे पाहिले पाहिजे, आणि या बाबतीत चेन्नईच्या व्यवहारात एक अशी गोष्ट आहे की जी महाराष्ट्रातील ग्राहकाने आवर्जून शिकावी. मुंबई-पुण्यात आपण सदनिकेचे क्षेत्रफळ विचारतो, गृहनिर्माण संस्थेचा भागदाखला घेतो आणि इमारतीखालच्या जमिनीचे काय हा प्रश्न अभिहस्तांतरण रखडेपर्यंत आपल्या मनात येत नाही. चेन्नईत प्रत्येक सदनिकेच्या खरेदीखतात जमिनीचा अविभक्त हिस्सा चौरस फुटांत लिहिलेला असतो. ‘यूडीएस (म्हणजे हा अविभक्त हिस्सा) किती?’ हा तेथील जाणत्या ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो. जमीन तेथे ‘ग्राउंड’ या मापाने मोजतात. एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट. एका ग्राउंडावर सहा सदनिकांची तीन मजली जुनी इमारत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला चारशे चौरस फूट जमीन येते. उत्तुंग मनोऱ्यात, पोहण्याचा तलाव व व्यायामशाळा यांच्या झगमगाटात, तोच वाटा निम्म्यावर येऊ शकतो.

वरच्या उदाहरणातील सदनिकेला चारशे फूट जमीन आहे आणि त्या गल्लीत जमिनीचा दर चौरस फुटास पाच हजार आहे असे धरले, तर साठ लाखांपैकी जमिनीची किंमत वीस लाख होते. उरलेले चाळीस लाख हे काँक्रीट, फरशी, दारे-खिडक्या आणि बांधणाऱ्याचा नफा यांचे आहेत, व ते पहिल्या दिवसापासून झिजत असतात. बांधकामाचा नवा खर्च दरसाल चढत असल्यामुळे ही झीज पहिली दहा-पंधरा वर्षे डोळ्यांना दिसत नाही; मालकाला सगळ्याच घराचा भाव वाढतो आहे असा भास होतो. पण समुद्राकडून येणारी खारी हवा, कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी आणि निकृष्ट वाळू यांनी लोखंडी सळया फुगू लागल्या, सज्जाच्या कडेचे गिलावे सुटले आणि शेजारी नवी इमारत उभी राहिली की विसाव्या-पंचविसाव्या वर्षी खरेदीदार उघडपणे जमिनीचाच भाव करतो. जमीन वर्षाला आठ टक्के वाढली आणि बांधकाम दोन टक्के झिजले, तर वीस लाखांवर एक लाख साठ हजार मिळाले आणि चाळीस लाखांवर ऐंशी हजार गेले. निव्वळ वाढ ऐंशी हजारांची, म्हणजे सहासष्ट लाखांवर सव्वा टक्क्याच्या आसपास. माझे स्पष्ट मत असे आहे की, तांबरममध्ये जे लोक घरांवर खरोखर श्रीमंत झाले, ते सदनिकांवर झाले नाहीत. त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी रुळांच्या आजूबाजूला ग्राउंडच्या हिशेबाने रिकामी जागा घेतली, तीवर बैठे घर बांधले, वर एक मजला चढवून तो भाड्याने दिला, आणि ती जमीन चाळीस वर्षे विकली नाही. सदनिकेचा ग्राहक त्यांच्या समृद्धीकडे पाहून भाळतो, पण विकत घेतो ती वस्तू निराळी असते.

जमिनीची गोष्ट निघाली की तांबरममध्ये पाण्याची गोष्ट आलीच. २०१५ सालच्या १ डिसेंबरला सुरू झालेल्या पावसाने चोवीस तासांत येथे ४९ सेंटिमीटरची नोंद केली. अड्यार नदीकाठच्या मुडिचूर आणि वरदराजपुरम या भागांत तळमजले बुडाले, माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, आणि ज्या वसाहतींची माहितीपत्रके ‘शांत, हिरवागार परिसर’ असे म्हणत होती, त्या मुळात पाण्याच्या वाटेवर उभ्या होत्या हे सर्वांना दिसले. साडेतीन वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, त्याच चेन्नईचे जलाशय कोरडे पडले व लोक टँकरच्या लॉरीमागे घागरी घेऊन धावले. एकाच गावाला महापूर आणि दुष्काळ अशा दोन्ही टोकांनी गाठले, हे लक्षात घेतले म्हणजे भाडेकरू घर पाहायला येतो तेव्हा खोल्या पाहण्याआधी ‘बोअरचे पाणी किती फुटांवर? उन्हाळ्यात लॉरी लागते काय?’ असे का विचारतो, ते कळते. सुज्ञ मालक तळमजल्यावर वाहनतळ असलेली इमारत पसंत करतात, आणि महसूल दप्तरातील नकाशात आसपास एखादे तळे किंवा ओढा होता काय, याची चौकशी करतात. ही चौकशी फुकट होते; ती न केल्याची किंमत मात्र फार मोठी पडते.

भाडेकरूंची बाजू थोडक्यात सांगतो. चेन्नईत दहा-दहा महिन्यांचे भाडे ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून घेण्याची आणि घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे त्यातून कापून घेण्याची जुनी वहिवाट आहे. सोळा हजारांच्या घरासाठी एक लाख साठ हजार एकरकमी उभे करणे हे परिचारिकेला, कारखान्यातील तरुण कामगाराला किती जड जाते, याचा विचार मालकवर्गाने फारसा कधी केला नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत अमलात आलेल्या तामिळनाडूच्या नव्या भाडे कायद्याने, वेगळा करार नसेल तर, अनामत तीन महिन्यांच्या भाड्याएवढीच ठरवली आणि प्रत्येक करार लेखी व भाडे प्राधिकाऱ्याकडे नोंदलेला असावा असा दंडक घातला. तो मालकाच्याही हिताचा आहे. मुंबईत १९४० सालच्या पातळीवर भाडी गोठवून ठेवल्याने चाळींची काय दशा झाली, मालकाने दुरुस्ती सोडली आणि भाडेकरूने छप्पर अंगावर पडेपर्यंत जागा सोडली नाही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला ती गोठवणूक अवाजवी ठरवावी लागली आणि त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. मालक पुण्यात आणि सदनिका तांबरममध्ये असेल, तर नोंदलेल्या कराराइतका उपयोगी दुसरा कोणताही दस्तऐवज नाही.

उरलेल्या साधनांपैकी सोन्याशी मराठी माणसाचे चेन्नईत जुने नाते आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक तामिळनाडूसह देशभर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावले आहेत. सोन्याचा भाव २०१२ मध्ये दहा ग्रॅमला तीस हजारांवर गेला, मग पाच-सहा वर्षे तेथेच घुटमळला, आणि २०२५ मध्ये त्याने लाखाची मर्यादा ओलांडली. पण सोने भाडे देत नाही आणि वाढीची वेळ सांगत नाही. भागबाजाराने तर याहून मोठे धक्के दिले. मुंबईचा निर्देशांक २००८ च्या जानेवारीत एकवीस हजारांवर होता, तो त्याच ऑक्टोबरात साडेआठ हजारांवर कोसळला, आणि पुन्हा एकवीस हजार दिसायला २०१० चा नोव्हेंबर उजाडला. तथापि ज्या दुर्दैवी मनुष्याने नेमक्या त्या शिखरावर पैसे घातले आणि हलवले नाहीत, त्याचेही सप्टेंबर २०२४ पर्यंत चौपट झाले, म्हणजे वर्षाला साडेआठ टक्क्यांच्या आसपास, लाभांश निराळा. २०१३-१४ नंतरची काही वर्षे चेन्नईच्या सदनिकांचे भाव जवळपास थबकले होते, हे त्याच्या जोडीला आठवावे. फरक एवढाच की निर्देशांकाची पडझड रोज वर्तमानपत्रात छापून येते आणि घराची येत नाही; ती गिऱ्हाईक येईपर्यंत मालकाला ठाऊकच होत नाही.

स्थावराचे भाडे हवे पण सदनिका नको, अशांसाठी २०१९ पासून भारतात स्थावर गुंतवणूक न्यासांचे, म्हणजे ‘रीट’चे युनिट बाजारात मिळतात. वाटपयोग्य रोकडीचा किमान ९० टक्के भाग वाटण्याचे बंधन त्यांच्यावर आहे आणि काही शे रुपयांत एक युनिट घेता येते. त्यांच्या इमारती मात्र कार्यालयांच्या व मॉलच्या आहेत. राहत्या घरांचा न्यास आपल्याकडे अजून उभा राहिला नाही.

घराच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा परदेशातून आला. योर्दा, शुलारिक, टेलर आदी अर्थशास्त्रज्ञांनी सोळा प्रगत देशांतील १८७० ते २०१५ पर्यंतचे आकडे जमवून २०१९ साली दाखवून दिले की, महागाई वजा जाता घरांनी आणि भागांनी सारखेच, वर्षाला सुमारे ७ टक्के उत्पन्न दिले, आणि घरांत चढउतार कमी होते. परंतु त्या उत्पन्नाचा मोठा भाग भाड्यातून आलेला होता. जेथे भाडे किमतीच्या पाच टक्के असते तेथला हा निष्कर्ष, जेथे ते अडीच टक्के आहे तेथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. शिवाय तो देशोदेशींच्या सर्व घरांच्या सरासरीविषयी आहे. आपण घेतो ते एक घर, एका गल्लीत, एका ओढ्याच्या काठी असते, आणि ते गरजेच्या दिवशी खोलीखोलीने विकता येत नाही.

म्हणून ज्याला निवृत्तीनंतर दरमहा पैसा हवा आहे, त्याने भविष्यनिर्वाह निधी तांबरमच्या दुसऱ्या घरात घालू नये. मुलाबाळांना तेथे राहायचे असेल, किंवा रेल्वे स्थानकाजवळ जमिनीचा मोठा वाटा असलेली जुनी सदनिका कर्जावाचून मिळत असेल, तरच त्या वाटेला जावे. आणि जायचे ठरवलेच, तर बयाणा देण्यापूर्वी खरेदीखताच्या मसुद्यातील अविभक्त हिश्श्याचा आकडा काढून किमतीतून जमिनीची किंमत वेगळी करावी, बोजाचा दाखला किमान तीस वर्षांचा मागावा, आणि ती जागा एकदा तरी ईशान्य मोसमी पावसात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, स्वतः उभे राहून पाहून यावी.